छबुबाईची दीड कोयत्याची टोळी

तुमच्या घरातली म्हातारी डोंगरावर शेवटची कधी गेली होती? देवाला गेली असेल तर ते धरू नका. सरपणाला, शेळ्यांमागं, सीताफळं तोडून बाजारात न्यायला गेली असेल तर तेही धरू नका. नुसती. उगीच. वर काय आहे ते बघायला. कधी गेली होती?

नाही ना आठवत? आठवेल कसं, तिला कुणी विचारलंच नसेल. मग छबुबाईची गोष्ट ऐका.

पाटोद्याच्या बाजारातून निघालेली जीप डोंगरात शिरली की उतरतीला एक वस्ती लागते. खडकवस्ती म्हणतात तिला. वस्तीच्या मागं डोंगर. बैलाच्या पाठीसारखा लांबलचक चढ आणि पुढं एकदम उठलेला उंचवटा, म्हणून त्याचं नाव वशिंड. छबुबाई लग्न होऊन आली ती या डोंगराच्या पायथ्याला. इथंच तिचा प्रविण वाढला, त्याचं लग्न झालं, नातवंडं झाली. रोज सकाळी दार उघडलं की समोर वशिंड. आणि माथा? माथा तिनं कधी बघितलाच नव्हता. वर काय हाय म्हणून कुणी विचारलं तर सांगायची, "आभाळ आसंल."

वेळच कुठं होता बाईला! दसरा झाला की ऊसतोडीला जायचं, साखर कारखान्यांच्या मुलखात. पाडव्याच्या पुढंमागं परत यायचं, की पावसाळाभर दुसऱ्याच्या रानात खुरपं. मधल्या दिवसांत डोंगर चढायची, पण निम्म्यापर्यंत. तिथवर सरपण मिळायचं. मोळी डोक्यावर आली की तोंड खाली वळायचं. डोंगराचा वरचा अर्धा भाग बिनकामाचा, आणि बिनकामाच्या जागी गरिबाची बाई जात नसते.

औंदाचा दसरा मात्र वेगळा गेला. वस्तीत ट्रक लागले. भांडी, चटया, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढलं. प्रविण चढला, सून मंगल चढली. छबुबाई आणि तिचा नवरा आश्रुबा खालीच राहिले. जन्मात पहिल्यांदा.

झालं होतं असं, की मागच्या हंगामाच्या शेवटी ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळी चढवताना आश्रुबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो फळीवरच बसला. बीडच्या डॉक्टरनं तपासलं. बीपी वाढलेलं, काळीज थकलेलं. ओझं उचलणं बंद, गोळ्या रोज, आणि चालायचं, थोडं थोडं वाढवत. मुकादम अर्जुनराव दसऱ्याआधी घरी आला, चहा प्याला आणि उठता उठता म्हणाला, "मामा, तुमी ऱ्हावा औंदा. आर्धा कोयता मला चालत न्हाई."

आता हे ज्याला कळलं नाही त्याला सांगायला पाहिजे. टोळीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकानं तोडायचं, एकीनं मोळ्या बांधायच्या. एक पडला की अख्खा कोयता बंद. अर्जुनराव काही वाईट माणूस नव्हता, हिशोबाचं बोलला. पण ते दोन शब्द आश्रुबाच्या काळजात जाऊन बसले ते बसलेच.

ट्रकची धूळ खाली बसली तेव्हा वस्तीत उरली म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. आश्रुबा ओट्यावर जाऊन बसला, रस्त्याकडं तोंड करून. जणू अजून एक ट्रक यायचा आहे आणि तो याच्यासाठीच थांबणार आहे. सकाळी तिथं, दुपारी तिथं, दिवेलागणीलाही तिथं. भाकरी अर्धी टाकायला लागला. बोलणं हूं आणि न्हाई एवढ्यावर आलं. फडात गाणी म्हणत ऊस तोडणारा गडी! छबुबाई चुलीपुढून त्याच्या पाठीकडं बघायची. आजारानं नव्हे, हा माणूस बसून संपणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि प्रविण यायच्या आत संपणार.

शिवकन्या ही वस्तीची आशाताई. बीपीचं यंत्र पिशवीत घालून घरोघर फिरते, जीभ धारदार. ती आली, पट्टा बांधला, फुगवला.

"मामा, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. चालता का?"

"कुठं चालू?"

"कुठं बी."

"कुठं बी कसं चालंल माणूस? काम आसलं की चालंल. बिनकामाचं हिंडतंय ते एक तर खुळं, न्हाई तर पुढारी."

शिवकन्या हसली. छबुबाई हसली नाही. तिच्या डोक्यात सणक गेली. हातातलं पातेलं तिनं आदळलं आणि म्हणाली, "मी उद्या वशिंडावर चालले. माथ्यावर."

आश्रुबानं कितीतरी दिवसांनी मान वळवली. "कावून? शेळी हरवली का?"

"आपल्याला शेळी हाय का?"

"मग?"

"उगीच."

"येडी झालीस का?"

"झाले. तुमी बसा हितं. आर्धा कोयता जाईल वर."

दुसऱ्या दिवशी तिनं दार उघडलं तर आश्रुबा पायात टायरच्या चपला घालून अंगणात उभा. तोंड वाकडं करून म्हणाला, "आर्धा कोयता फडात जात न्हाई. चल."

शेजारची बायडाबाई कुडावरून हे बघत होती. एकटी बाई, लेक-सून तोडीला गेलेले, तोंडाला कुलूप नाही. "छबे, मला बी न्या गं. घरात भिताडासंगं बोलून बोलून ते भिताड बी आता वैतागलंय."

"तू आलीस म्हंजी किती कोयते झाले?" छबुबाईनं विचारलं.

"दीड!" आश्रुबाच म्हणाला. आणि तिघंही हसले. तो हसला हे छबुबाईनं मनात बांधून ठेवलं.

निघाले झुंजुमुंजू होताना. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जी चूक केली ती ऊसतोड्यांशिवाय जगात कुणी करणार नाही. डोंगर त्यांनी फडासारखा धरला. फडात कसं, पात, म्हणजे तोडायची ओळ, लागली की मान वर करायची नाही, शेजारचा कोयता पुढं गेला की आपण त्याच्या पुढं. तसेच हे तिघं सुटले. कोरा चहा पोटात, भाकरीचा तुकडा नाही, आणि घसाघसा वर. बायडाबाई पुढं निघाली की छबुबाई तिला मागं टाकणार, छबुबाई पुढं गेली की आश्रुबा दात खाऊन तिला गाठणार. त्यात छबुबाईचं वेगळंच. डोक्यावर ओझं नसताना चढायची तिला सवयच नव्हती. तोल जाईना. दोन्ही हात काय करायचे तेही कळेना. शेवटी तिनं पदराची चुंबळ केली आणि नुसती चुंबळ डोक्यावर ठेवून चालायला लागली.

"काय गं, ओझं इसरलीस का खाली?" बायडाबाई म्हणाली.

"गप चाल. डोकं रिकामं आसलं की पाय येडे व्हत्यात माझे."

डोंगराच्या पाठीवर, सरपणाच्या जागेच्या थोडं वर, बायडाबाईची बडबड थांबली. ही धोक्याची खूण, पण तेव्हा कुणाला कळली नाही. तिनं बोरीचं झुडूप धरलं, काटे हातात घुसले तरी सोडलं नाही, आणि मटकन खाली बसली. ओठ कोरडे, डोळे फिरलेले. पाणी पाहिजे. पाणी होतं कुणाकडं? कुणाकडंच नाही. तिघांनी मिळून एक बाटली आणली नव्हती. सावलीत निजवून, पदरानं वारा घालून तिला शुद्धीवर आणली आणि मग तिघं बसून, घसरत, एकमेकांना धरत खाली आले.

वस्तीच्या तोंडाशी मोठ्या घराचा बंगला आहे. बागायतदार घर, सरपंचकी कधी घरातून गेली नाही. त्या घरच्या वनमालाबाई गच्चीवर उभ्या होत्या. सगळी वस्ती त्यांना अक्कासाहेब म्हणते. वरून त्यांनी आवाज टाकला, "काय गं छबे, म्हातारपणी डोहाळे लागले का डोंगराचे?"

छबुबाईचं लुगडं मागून मातीनं लाल झालेलं, गुडघा खरचटलेला. तरी मान वर करून ती म्हणाली, "व्हय अक्कासाहेब. गच्चीवर उभं ऱ्हाऊन न्हाई फिटायचे ते. चालावं लागतंय."

दुपारी शिवकन्या आली आणि तिघांना ओळीनं बसवून तिनं असं झापलं की कुत्रं उठून गेलं. "कावून न्हाई नेलं पाणी? आं? एवढी जाणती माणसं तुमी!"

बायडाबाई आणि छबुबाईनं एकमेकींकडं बघितलं. मग छबुबाई खाली मान घालून पुटपुटली, "पाणी पेलं की मग जावं लागतं ना गं."

शिवकन्या त्यांच्यापुढं खाली बसली.

तुम्हीही जरा बसा आणि हे नीट ऐका. फडात बाईला आडोसा नसतो. उभा ऊस तुटत जातो, उघडं रान वाढत जातं, आणि भोवती सगळे बाप्ये. शिवाय थांबलं की ट्रक भरायला उशीर, उशीर झाला की मुकादमाचं तोंड. म्हणून तिथली बाई पाणीच पीत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढते. पोरी तेच शिकतात, सुना तेच शिकतात. हे ज्यांच्यामुळं होतं त्यांना काय म्हणायचं ते मी तोंडानं म्हणेन, छापून नको. पण ती सवय शरीरात इतकी मुरते, की फड सुटला तरी तहान परत येत नाही.

शिवकन्या हळू आवाजात म्हणाली, "मावशी, डोंगरावर कोण हाय बघायला? झुडपं लई हायत. मुकादम न्हाई."

छबुबाईनं डोंगराकडं बघितलं. मग एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बायडे, आगं खरंच की! आख्खा डोंगर आपला आडोसा!" बायडाबाई हसून हसून परत आडवी झाली. आश्रुबा लाजून उठून गेला.

त्या दिवसापासून टोळीची रीतच बदलली. छबुबाई मुकादम झाली. "माझ्या टोळीत बोली माझी," तिनं दम भरला. आणि ही बोली, म्हणजे कामाच्या अटी, काय, तर फडातलीच, पण उलटी करून घेतलेली. तिकडं पुढच्याला गाठायचं; इथं सगळ्यांत हळू जो, तो पुढं चालणार आणि बाकीचे त्याच्या मागं. तिकडं पाण्याला बंदी. इथं सावली दिसली की पाणी, तहान असो नसो. चालताना गप्पा पाहिजेतच. ज्याचं बोलणं तुटायला लागलं, त्यानं बसायचं. आणि कुणीही "बास" म्हणालं, की तिथून सगळी टोळी माघारी, कावून म्हणून विचारायचं नाही. एकटं कुणी पुढं जायचं नाही. एक कोयता म्हणजे दोन माणसं, ते मात्र फडातलं तसंच ठेवलं.

पायांचीही सोय झाली. टायरच्या चपला घरी राहिल्या. प्रविणचे जुने कॅनव्हासचे बूट आश्रुबाला दोन मोजे घातल्यावर बरोबर आले. बायांनी पाटोद्याच्या बाजारातून बूट आणले आणि पहिल्या दिवशी लुगड्याखाली ते बघून एकमेकींना पोलीस म्हणून चिडवलं. हातात प्रत्येकाच्या बांबूची काठी. निघायचं ते भाकरी खाऊन, धुकं विरल्यावर. परतायचं उन्हाचा चटका लागायच्या आत. निघताना शिवकन्याला मिस्ड कॉल, खाली उतरल्यावर दुसरा मिस्ड कॉल. दुसरा नाही आला तर ती माणसं घेऊन वर येणार. वस्तीत तरणं कुणी नाही, पडलं तर उचलायला येणार कोण? "म्हणून पडायचंच न्हाई," छबुबाई म्हणायची, "पडायची फुरसत न्हाई आपल्याला."

सुरुवात मारुतीच्या देवळापर्यंत झाली. आश्रुबाला ते अपमानासारखं वाटलं. "हितवर तर मी बिडी आणायला जात व्हतो रं," असं तो देवळापाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला म्हणाला. पण गेला. मग काही दिवसांनी बोरीपर्यंत. मग सीताफळीच्या ओहोळापर्यंत. तिथं झाडावर पिकलेली सीताफळं होती, पक्ष्यांनी चोची मारलेली. तिघं दगडावर बसले आणि हातानं फोडून खाल्ली. विकायला नव्हे, घरी न्यायलाही नव्हे. तिथंच, बिया लांब कुणाच्या जातात अशी पैज लावून. बायडाबाई जिंकली. समोरच्या उतारावर मोर उतरला, मग त्याच्या मागं लांडोरी. आश्रुबा बघतच राहिला. "आयला, हे रोज हितं व्हतं?" तो म्हणाला. "आन आमी तिकडं ऊस तोडत व्हतो?"

भाकरी आता तो पुरी खात होता. संध्याकाळी ओट्यावर बसायचा, पण तोंड रस्त्याकडं नव्हे, डोंगराकडं. "उद्या त्या पांढऱ्या दगडापस्तोर," असं आपणहून म्हणायचा. एक दिवस चढताना त्यानं गाणं धरलं. फडातलं, जरा वात्रट. बायडाबाईनं कान झाकले आणि पुढची ओळ स्वतःच म्हटली. छबुबाईच्या डोक्यावरची चुंबळ त्या दिवशी कधी सुटून पदर खांद्यावर आला, तिला कळलंही नाही.

आणि मग तो दिवस आला. थंडी छान पडलेली, आभाळ धुतल्यासारखं. पाठ संपली, आता नुसतं वशिंड राहिलं. समोर दगडाच्या पायऱ्यांसारखा उभा चढ आणि वर तो माथा, ज्याच्या वर काय आहे ते छबुबाईला अजून ठाऊक नव्हतं. एवढा जवळ, की तिथलं वाळलं गवत वाऱ्यानं हलताना दिसत होतं.

आश्रुबा बायडाबाईला काहीतरी सांगत होता. "तवा अर्जुनरावचा बाप… मुकादम…" आणि थांबला. वाक्य पुरं होईना. एवढ्या गार वाऱ्यात त्याच्या कपाळावर घाम.

"बसा," छबुबाई म्हणाली.

"काय न्हाई झालं."

"बसा म्हणते ना!"

तो बसला. तिनं पाणी दिलं, गळ्याचं बटण सोडलं, शिवकन्याला फोन लावला. ती पलीकडून ओरडली, "छातीत दुखतंय का? हात भरून आलाय का? तसं आसंल तर जागचं हलवू नका, मी १०८ ला लावते." दुखत नव्हतं. नुसता दम आणि डोकं हलकं. जरा वेळानं बोलणं परत आलं, आणि आल्या आल्या आश्रुबा म्हणाला, "तू जा. बायडाबाई बसंल माझ्यापाशी. एवढुसं राहिलंय. जन्मभर खालनंच बघत आलीस."

छबुबाईनं वर बघितलं. खरं सांगायचं तर पाय चुळबुळले तिचे. मग तिनं काठी उचलली आणि तोंड खाली वळवलं. "उठा. सावकाश. माघारी."

"माझ्यापायी?" आश्रुबानं विचारलं. "म्हंजी अर्जुनराव खरंच बोलला. आर्धा कोयता. आख्ख्या टोळीला बुडीवणारा."

छबुबाई भडकली. काठी तिनं दगडावर आपटली. "प्रविणच्या टायमाला फडावरच्या पाचटाच्या कोपीत मी कळा देत व्हते तवा तुमी फडात गेलता का? हातातला कोयता टाकून बसलाच ना माझ्यापाशी? मुकादम दारात येऊन शिव्या घालत व्हता. तवा मी आर्धी झालते, तर तुमी मला सोडून तोडायला गेला न्हाईत. आन आज मी तुमाला दगडावर बसवून डोंगर बघाया जाऊ? डोंगर कुठं पळून चाललाय का?"

आश्रुबानं आपली काठी जवळ ओढली. बायडाबाई डोळे पुसत म्हणाली, "दाजी, उठा आता, न्हाई तर ही तुमाला काठीनं मारंल."

उतरले. उतार चढापेक्षा वाईट, गुडघे खातो. पण उतरायचं कसं ते त्यांना फळीनं शिकवलं होतं: आडवा पाय, आखूड पाऊल, घाई नाही. शिवकन्या पायथ्याला उभीच होती. तशीच जीप करून त्याला बीडला नेलं. डॉक्टरनं एकच विचारलं, "गोळ्या घेता ना?"

आश्रुबा खाली बघायला लागला.

घरी आल्यावर कोनाड्यातून डबा निघाला. गोळ्या तशाच, चांदीच्या पाकिटात. शिवकन्यानं कपाळावर हात मारला. "मामा! कावून?"

"म्हणलं… औंदा काम कुठं हाय?" आश्रुबा चोरासारखा म्हणाला. "बसून खाणाऱ्याला गोळी कशाला? पुढच्या हंगामाला ठिवल्या व्हत्या. तोडीला गेल्यावर घेतल्या आसत्या."

ऐकलंत? पाणी कामासाठी तोडायचं, औषध कामासाठी राखायचं. माणसाचं अंग म्हणजे जणू मुकादमाची वस्तू, काम असलं की तिला तेलपाणी, काम संपलं की कोनाड्यात. छबुबाईनं त्याच्यासमोर बसून त्याला गोळी दिली, गिळेपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ह्या अंगाचं काम संपलं न्हाई अजून. मला वशिंड दावायचंय तुमी."

डॉक्टरनं परत चालायला मोकळीक दिली तेव्हा टोळी पुन्हा मारुतीच्या देवळापासून निघाली. पहिल्याच दिवशी देवळापाशी बघतात तर अक्कासाहेब उभ्या. भारी साडी, पायात पांढरेफेक बूट.

"मला शुगर आहे," त्या कुणाकडंच न बघता म्हणाल्या. "डॉक्टर चाला म्हणतात. गच्चीवर गोल गोल फिरून चक्कर येते मला. तुमच्यात… जागा आहे का?"

छबुबाई मुकादमासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जागा हाय. आमचा आर्धा कोयता मोकळा हाय, ही बायडा. पण अक्कासाहेब, बोली मान्य पाहिजे. पाणी प्यायचं, बोलत चालायचं, आन शुगर हाय तर बटव्यात साखर ठिवायची. बास म्हणलं की माघारी."

"मान्य," अक्कासाहेब म्हणाल्या.

"लई हळू चालत्यात गं ह्या," चार पावलांतच बायडाबाई कुजबुजली. "अर्जुनरावनं पहिल्याच दिवशी घरी धाडली आसती."

"मग तू बी हळू चाल. जोडी तुझी हाय."

अक्कासाहेबांनी ऐकलं होतं. त्या हसल्या. वस्तीतल्या किती जणांनी त्यांना हसताना बघितलं असेल, देव जाणे.

संक्रांत होऊन गेली होती. ती सकाळ मोकळी, वारा गवतातून वाहणारा. आश्रुबा पुढं, कारण सगळ्यांत हळू तोच. पावलापावलाला काठी, मग बूट, मग दुसरा बूट. पांढरा दगड मागं पडला. मागं ज्या दगडावर बसला होता तिथं पोचल्यावर तो स्वतःच थांबला, पाणी प्याला आणि म्हणाला, "इचारू नका. बोलाय येतंय." मग वशिंडाचा उभा चढ, कुठं हातानं दगड धरत, कुठं एकमेकांना वर ओढत. आणि एकदम समोर चढ उरलाच नाही.

वर एक सपाट कातळ होता. आणि आभाळ होतं, छबुबाई म्हणायची तसंच. पण आभाळाखाली जे होतं ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. डोंगरामागं डोंगर, निळे, मग फिके निळे. पलीकडच्या पठारावर पवनचक्क्या, पांढऱ्या, आळसात फिरणाऱ्या. ज्वारीचे हिरवे तुकडे. खाली काड्यापेटीएवढी तिची वस्ती, त्यात तिचं घर, त्याच्यापुढं तो ओटा.

"आगं, त्यो ओटा बघ," आश्रुबा म्हणाला. "केवढासा हाय! आन मी त्याच्यावर मरायला बसलतो."

छबुबाईनं काठी बाजूला ठेवली. ती कातळावर पाय पसरून बसली, दोन्ही हात मोकळे, डोकं मोकळं, आणि वारा तिच्या पांढऱ्या केसांतून जात होता. बायडाबाईनं तिळाचे लाडू काढले. अक्कासाहेबांनी अर्धा मोडून घेतला, अर्धा बायडाबाईला परत दिला.

माथ्यावर मोबाइलची रेंज वस्तीपेक्षा चांगली. आश्रुबानं प्रविणला व्हिडिओ कॉल लावला. प्रविण फडात, तोंडाला फडकं, अंगाला उसाची काळी काजळी. मागं मंगल मोळी बांधताना दिसत होती.

"आबा? कुठं हायसा? मागं काय दिसतंय?"

"वशिंडावर हावं."

प्रविण घाबरला. "कावून? काय झालं? कोण हरवलंय?"

"कुणी न्हाई रं."

"मग वर काय काम काढलं?"

आश्रुबानं छबुबाईकडं बघितलं. सगळं तोंड हसत होतं त्याचं. "काय बी न्हाई. उगीच आलोत."

पलीकडं प्रविण हसायला लागला. मंगल धावत फोनपाशी आली. छबुबाईनं नवऱ्याच्या हातातून फोन ओढला आणि साऱ्या डोंगरानं ऐकावं असं ओरडली, "मंगल! ए मंगल! आधी पाणी पे! माझ्यापुढं पे! चार बाया मिळून लुगडं आडवं धरा, आडोसा करा, कुणाच्या बापाला भिऊ नका, पण पाणी पे गं बाय!"

मंगलनं बाटली तोंडाला लावली. पाणी गळ्याखाली उतरताना दिसलं, तेव्हाच छबुबाईनं फोन खाली ठेवला.

मग ते उतरले. आडवा पाय, आखूड पाऊल, गप्पा चालू. पायथ्याला आल्यावर शिवकन्याला दुसरा मिस्ड कॉल गेला.

आता तुमचं बघा. तुमच्या गावाजवळही एखादं वशिंड असेल, नसेल तर टेकडी असेल. येत्या सुट्टीच्या दिवशी घरातल्या म्हातारीला, म्हाताऱ्याला विचारा, "वर येता का, उगीच?" गोळ्या घेतल्या का ते बघा, पायांत बूट घाला, पाणी जास्त घ्या. आणि त्यांना पुढं ठेवा, तुम्ही मागं चाला. ते "बास" म्हणाले तर तोंड वाकडं न करता परत फिरा. पण विचारा. एवढं माझं ऐका, आजच विचारा.